किनाऱ्यावरची ओनुई

आमच्या ह्यांनी जन्मभर नटांची तोंडं कागदावर रंगवली, पण पोटच्या पोरीचं चित्र काढायला त्यांना कधी सवड झाली नाही. सोळा वर्षांची ओनुई गोवराच्या साथीत गेली, तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडले. पुढे जुन्या दरबारी कवितांवरच्या चित्रमालेचं काम आलं. त्यातल्या एका कवितेत किनाऱ्यावर होडीची वाट पाहणारी बाई होती. तिला ह्यांनी ओनुईचा चेहरा दिला. आजारपणाने हात लटपटत होता, तरी हुबेहूब तीच उतरली. तो कागद पाहिला आणि मी भांडायचंच विसरले.

चित्र पुरं झालं आणि आठवड्यात हेही गेले.

कागद न्यायला मागोजी आला, चित्रं छापायचे लाकडी ठोकळे कोरणारा. चेहरे कोरण्यात साऱ्या एदो शहरात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. ओनुईला मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. चित्रं नेहमी प्रकाशकाच्या दुकानातून त्याच्याकडे जायची. मी कागद सोडेना. कोरायचं म्हणजे चित्र लाकडावर पालथं चिकटवायचं आणि कागदासकट कोरून काढायचं. मागे काही उरत नाही. नक्कल काढून ती कोर, असं मी म्हटलं. नक्कल केली की ती माझ्या हातची होईल, गुरुजींच्या नाही, असं तो म्हणाला. ते मला पटलं.

"कागदाला कसर लागते, वहिनी," तो म्हणाला. "लाकडावर आली की पोर दोनशे घरांत जाईल."

मी कागद दिला.

थंडी पडायला लागली तेव्हा तो पहिला छाप घेऊन आला. ओनुईच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्ती लावून मी तो उलगडला. लाटा सुरेख होत्या, केसांची बट न् बट सुटी होती. चेहराही देखणा होता. पण ही मुलगी कोण, ते मला कळेना.

मागोजीला वाटलं, मला भरून आलंय.

"तुमच्या लक्षात आलं वाटतं," तो हळूच म्हणाला. "वरच्या ओठाची रेघ एका बाजूला वर सरकली होती. हात थरथरायचा ना त्यांचा. मी सरळ केली. लोकांनी गुरुजींना हसायला नको."

"तिचा ओठ तसाच होता, मागोजी."

आता उलट उत्तर देईल, अशीच दिसायची कार्टी. झोपेतसुद्धा. त्यावरून मी तिला किती बोलले असेन.

मागोजीने मान खाली घातली. कोरून गेलेलं लाकूड काही परत येत नाही, असं पुटपुटला. मग त्याने कोरा कागद पसरला, कुंचला शाईत बुडवला.

"सांगा, वहिनी. नवा ठोकळा कोरतो, पदरचा. कुठल्या बाजूने वर जायचा?"

मी डोळे मिटले. समोर ती छापातली सरळ ओठांची मुलगी बसली होती, काही केल्या हलेना.