डच बाईची चंद्रकोर

२००८ साली, गौरी जेवायच्या आदल्या दिवशी, सुमेधाताईंनी सिडनीच्या एका आर्ट गॅलरीत चित्राच्या इतक्या जवळ बोट नेलं, की गार्ड खुर्चीवरून उठला.

"आई, हात मागे," उर्वी म्हणाली.

"लावत नाहीये गं. चंद्रकोर बघ. आपल्यासारखीच."

चित्रातल्या बाईच्या कपाळावर खरंच चंद्रकोर होती. हातात धनुष्य, पायाशी कुत्रा, आणि अंगावर शिकारीला कुणी घालणार नाही असं रेशीम. उर्वी युनिव्हर्सिटीत कलेचा इतिहास शिकत होती आणि शनिवारी इथे लोकांना चित्रं समजावून सांगायची. ती राहायची त्या टूनगॅबी उपनगरात त्या वर्षी दर दुसऱ्या घरात भारतातले विद्यार्थी भाड्याने राहत होते, बहुतेक अकाउंटिंग नाहीतर कुकरी शिकणारे. उर्वीचा विषय ऐकला की ते आधी गप्प व्हायचे.

"हॉलंडच्या बड्या घरच्या बायका अशी चित्रं काढून घ्यायच्या," ती म्हणाली. "देवीच्या वेषात. ही डायना, चंद्राची आणि शिकारीची देवी. चेहरा मात्र त्या बाईचाच."

"म्हणजे आपण गौरीला घरातल्या बाईचे दागिने घालतो, त्याच्या उलट."

"हं."

"नवऱ्याने हौसेने काढून घेतलं असणार. सवाष्ण शोभते."

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून आईचं कपाळ मोकळं होतं. आज सकाळी आईनेच घरमालकीण लीनाच्या दोन्ही गौरींना साड्या नेसवल्या होत्या, निऱ्या मोजून. मग हात धुताना म्हणाली होती, उद्या हळदीकुंकवाला मी वरच्या खोलीत बसेन. "काकू, असं काय," असं लीना म्हणाली, पण तिने जोर केला नाही. उर्वीला आई खाली, सगळ्यांत हवी होती. ते बोलायचं कसं, एवढंच तिला जमत नव्हतं.

"पाटीवर काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"नवरा गेल्यावर दुसऱ्या वर्षी काढून घेतलं."

सुमेधाताईंनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मग लोक काय म्हणाले?"

"ते नाही लिहिलेलं."

"तेवढंच लिहायला हवं होतं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या चित्राकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लीना करंडा घेऊन एकेकीपुढे वाकत आली. सोफ्याच्या टोकाला सुमेधाताई बसल्या होत्या. लीनाचं बोट कुंकवात तसंच राहिलं.

"काकू, लावू?"

"विचारतेस काय. बाकीच्या खोळंबल्यात."

प्रदर्शनापुरतं आणलेलं ते चित्र डिसेंबरात हॉलंडला परत गेलं. लीना आणि तिचा नवरा गुरुदत्त यांनी दहा वर्षांनी घर विकलं. ती दोघं आता ब्रिस्बेनला असतात. उर्वीला गॅलरीत नोकरी मिळाली नाही. ती वेस्टमीडला हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लागली आणि तिथेच राहिली.

सुमेधाताई त्याच वर्षी नोव्हेंबरात मिरजेला परतल्या. मुंबईला विमान उतरण्याआधी त्यांनी बाथरूममध्ये जाऊन कपाळ पुसलं. हे त्यांनी उर्वीला बऱ्याच वर्षांनी, भाजी निवडता निवडता सांगितलं. मिरजेत त्यांनी पुन्हा कधी कुंकू लावलं नाही. पुढची नऊ वर्षं मात्र, गुडघे चालत होते तोवर, त्या दर भाद्रपदात सिडनीला यायच्या. तिकीट आषाढातच काढलेलं असायचं.