देवांची खिडकी

लेकीचा फोन सोमवारी आला. "सासूबाईंची साठी आहे, त्यांना आकानचं तळं बघायचंय. बुधवारी आम्ही दोघी येतोय. हापो, एवढं कर, मला ओळख दाखवू नकोस."

हापो म्हणजे आमच्या, इथल्या मूळ आदिवासींच्या, आयनू बोलीत आई. लग्नाला सहा वर्षं झाली. सेंदाई शहरातल्या सासरी चिहारूने सांगून ठेवलंय की आई वारली. आयनू म्हटलं की लोक काय काय बोलतात, ते पोरीने शाळेत पुरेपूर ऐकलंय, म्हणून मी रागावले नाही. खोटं कशाला बोलू, रागावलेच. फोन ठेवून पातेलं आपटलं, ते अजून वाकडं आहे.

फोनवर मात्र म्हटलं, "बरं बाई. माझ्याकडे रोज दोनशे माणसं येतात, त्यात आणखी दोन."

तळ्याकाठच्या आमच्या वस्तीतलं गवताने शाकारलेलं जुनं घर पाहुण्यांना दाखवायचं, हे माझं काम. मध्ये आगटी, पूर्वेला खिडकी. त्या खिडकीतून देव आत येतात. माणसाने बाहेरून तिथे डोकावायचं नाही, म्हणजे नाही. दिवसातून सहा वेळा सांगते, तरी कुणीतरी महाभाग डोकावतोच.

बुधवारी बोटीची फेरी मारून, तळ्यातले शेवाळाचे गोळे बघून माणसं दुपारी वर आली. त्यांत चिहारू. वाळलीय. सोबत सासू, इकुयोबाई, बुटकी, हसरी, गळ्यात कॅमेरा.

"चिहारू, हात धर गं, पायरी निसरडी आहे."

"हो, आई."

निसरडी कसली डोंबलाची, सकाळीच घासली होती मी! पण ते "आई" ऐकून काळजात चर्र झालं.

चिहारू मान खाली घालून आगटीशी बसली. बाकीचेही टेकले. मी अग्नीच्या आजीबद्दल, म्हणजे आगटीतल्या आमच्या देवीबद्दल, सांगायला लागले. इकुयोबाई मागच्या बाजूने घराचा फोटो काढायला गेल्या होत्या, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. बघते तर खिडकीत कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे त्यांचं डोकं.

मी तोंड उघडायच्या आत चिहारू ताडकन उठली. "अहो, तिथून नाही! देवांची वाट आहे ती! मागे व्हा आधी!" आणि दोन्ही हात पसरून खिडकीसमोर उभी राहिली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"तुला गं कसं ठाऊक?" बाहेरून इकुयोबाईंनी विचारलं.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मीच घाईने म्हटलं, "आत्ताच सांगितलं मी. तुम्ही बाहेर होतात ना!"

"छे हो," पुढे बसलेला एक चष्मेवाला म्हणाला, "खिडकीचं अजून काहीच नाही सांगितलंत." त्या मेल्याला आगटीत घालावंसं वाटलं.

चिहारूने माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा, सरळ.

"आत्ता नाही सांगितलं," ती म्हणाली. "पाच वर्षांची होते तेव्हा सांगितलं. मी डोकावले म्हणून पाठीत धपाटाही घातला होता. आई, ही माझी हापो. मला जन्म दिलेली आई. मी खोटं बोलले तुमच्याशी."

खिडकी रिकामी झाली. संपलं, मला वाटलं, बाई गेली बसकडे. पोरीचा संसार मोडला माझ्या घरात.

तेवढ्यात दार सरकलं. इकुयोबाईंनी बूट काढले, कॅमेरा पिशवीत टाकला आणि आगटीपाशी येऊन गुडघ्यांवर बसल्या. नाक लाल झालं होतं.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या, "रोज सकाळी तुमच्या नावाने उदबत्ती लावतेय हो मी!"

"तरीच!" मी म्हटलं. "तब्येत ठणठणीत आहे ती."

त्या हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. चिहारू तर केव्हाची रडत होती. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हात तिथेच राहू दिला.