शुद्ध दान

बाबल्याने रिकामी डबी संस्कृतीच्या टेबलावर ठेवली आणि पोट धरून तो देवळाच्या पायरीवर बसला.

"नाय जमत गो बाय. पहाटेपासून एवढ्या खेपा झाल्या, आता आत काय उरलंय?"

"असं काय खाल्लंत, काका?"

"खातोय कसला! एरंडेल प्यालो. तुझ्या आवशीनं सांगितलंन ना काल कीर्तनात."

संस्कृतीच्या हातातलं लेबल तिच्या बोटालाच चिकटून राहिलं. मागे रांगेत उभ्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. चेहरे उतरलेले होते, पण काम फत्ते केल्याचा तोरा काही लपत नव्हता.

"आमच्या सासूबाईंनीसुद्धा घेतलं," सुंदराबाई म्हणाली. "आपल्या पोरीचं काम. तिच्या हातात घाण नको जायला."

संस्कृती मुंबईच्या एका संस्थेत आतड्यातल्या जिवाणूंवर संशोधन करत होती. मांस-अंड्यांतल्या काही घटकांपासून हे जिवाणू एक पदार्थ करतात. यकृतात त्याचं रूप बदलतं, आणि ज्यांच्या रक्तात तो बदललेला पदार्थ जास्त, त्यांच्यात हृदयविकाराचा धोकाही जास्त आढळतो. समुद्राच्या मासळीत तर तो मुळातच असतो. मग रोज मासळी खाणाऱ्यांचं काय? अलीकडे वाडीतली धडधाकट माणसं जाळं ओढता ओढता छाती धरून खाली बसली होती. म्हणून दाभोळच्या खाडीकाठची आपलीच वाडी घ्या, असा हट्ट तिने सरांकडे धरला होता. शौचाचा नमुना आणायला तिने घरोघर डब्या दिल्या होत्या.

तेवढ्यात तुळसाबाई फुलांची परडी घेऊन आल्या. देवळाच्या उत्सवातलं कीर्तन गेली कित्येक वर्षं त्यांचंच. रांग बघून त्यांचा चेहरा फुलला.

"बघितलंस? अख्खी वाडी लोटली! काल काय रंगलं होतं म्हणून सांगू. म्हटलं, आपण जेवतो ते एकटे जेवत नाही हो, पोटात केवढी पंगत बसलेली असते! आणि माझी लेक त्या पंगतीची विचारपूस करायला आली आहे. देवाला फूल वाहतो ते धुऊन वाहतो, मग लेकीला द्यायचं ते शुद्ध नको?"

"आई," संस्कृती हळू आवाजात म्हणाली, "मला ती पंगतच बघायची होती. तू तिला पानावरून उठवलंस."

तुळसाबाईंना आधी उमगलंच नाही. मग परडी त्यांच्या हातात तिरकी झाली आणि दोन जास्वंदी खाली पडल्या.

सरांचा फोन आला. पोटं पूर्ववत व्हायला महिना तरी जाऊ द्यावा लागेल, हे त्यांनाही मान्य होतं. पण एकदा माघारी गेलेले लोक पुन्हा येत नाहीत, असा त्यांचा अनुभव. त्यापेक्षा दुसरं गाव बघू, ते म्हणाले. संस्कृतीने उद्यापर्यंत मुदत मागून घेतली.

"मी सांगते सगळ्यांना," फोन ठेवून ती आईला म्हणाली. "मीच तुला नीट समजावलं नव्हतं, असं सांगते. कीर्तनाच्या गादीवरचा शब्द खोटा नको पडायला."

तुळसाबाई पुसायला काही नसताना पदराने टेबल पुसत राहिल्या.

संध्याकाळी मंडप भरला. पोटं खपाटीला गेलेलेही आले. पेटीने सूर दिला, नमन झालं. मग तुळसाबाई बायकांत शिरल्या आणि संस्कृतीला हाताला धरून त्यांनी मधोमध आणून उभं केलं. स्वतः टाळ घेऊन मागे, तबल्याच्या शेजारी गेल्या.

"काल मी सांगितलं ते चुकीचं होतं. ते विसरा," त्या म्हणाल्या. "आज माझी लेक सांगेल. मी मागे झील धरते."

मंडपात चुळबूळ झाली. तुळसाबाईंना दुसऱ्याच्या मागे उभं राहिलेलं वाडीने कधी पाहिलं नव्हतं.

संस्कृतीने साध्या बोलण्यातच सुरुवात केली. सूर तिला कधीच लागला नव्हता.

"महिन्याभराने पुन्हा यायचं आहे," ती म्हणाली. "एरंडेल नको, उपास नको. रोज खाता तेच खायचं."

"म्हावरं पण?" बाबल्या ओरडला.

"म्हावरं पण, काका."

"मग हे शास्त्र खरं हाय!"

हसण्याची लाट मागच्या खांबांपर्यंत गेली. ती ओसरल्यावर सगळे पुन्हा तिच्याकडे बघू लागले.

"धुतलेलं-पुसलेलं मला काही नको," ती म्हणाली. "जसे आहात तसे या."

टाळ वाजला. जसे आहात तसे या. मागून तुळसाबाईंनी तेच शब्द उचलले आणि देवाला आळवायच्या चालीत बसवले. दुसऱ्या आवर्तनाला पेटी मिळाली. मग बायका मिळाल्या. मग बाबल्याचा खर्जातला आवाज. कुणीतरी डोळे मिटून हात जोडले.

संस्कृतीला वळून आईकडे पाहावंसं फार वाटलं. पण मधे उभं राहणाऱ्याने मागे पाहायचं नसतं, हे ती लहानपणापासून बघत आली होती. तिने मान ताठ केली आणि पुढचं वाक्य सांगायला घेतलं.