एडविनची चिलटं

या, जरा जवळ सरका. या एसीचा गळा माझ्यापेक्षा मोठा आहे. आज संतांची कथा नाही, माझ्या शेजाऱ्याची सांगतो. संपेपर्यंत मात्र कुणी उठायचं नाही.

दुबईच्या बर दुबई भागात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एडविन गळाची काठी हवेत झुलवायचा. पुढे पाणी भरलेली स्टीलची परात. दोरीच्या टोकाला केसासारखा धागा, आणि त्याला माशाला फसवायला तिळाएवढ्या गळावर पिसं बांधून केलेलं नकली चिलट. ते परातीत असं उतरवायचं की पाणी हलता कामा नये. या सरावाच्या चिलटाच्या गळाचं टोक त्यानं पकडीनं तोडून टाकलं होतं, कारण एकदा ते त्याच्या बायकोच्या, बेटीच्या, वाळत घातलेल्या ड्रेसात रुतलं होतं.

"काय रे एडविन, लागला का पापलेट?"

"सोमनाथभाऊ, हा ट्राउट. साहेबांच्या इंग्लंडातला. झऱ्याच्या पाण्यात राहतो, काचेसारख्या. चिलटं खातो. दोरीची सावली दिसली ना, खलास!"

"आणि कालवण कसं लागतं?"

"खात नाय. पकडायचा आणि सोडून द्यायचा."

बेटी कपड्यांचे चिमटे काढत म्हणायची, "आमच्या पप्पांनी हे ऐकलं असतं ना, तर लग्नच मोडलं असतं."

एडविन हॉटेलात मेंटेनन्सला. तिथल्या हॅलम साहेबांनी त्याला ही चिलटं बांधायला शिकवली. साहेब रिटायर होऊन मायदेशी गेले. तिथून दर वर्षी फोन यायचा, "चिलटं पाठव, एडविन. पुढच्या उन्हाळ्यात तू माझ्या झऱ्यावर यायचंस." एडविन ड्युटीवरून येऊन भिंगाखाली मान घालायचा. चिलटं जायची. पुढचा उन्हाळा पुढेच राहायचा.

यंदा त्याची नोकरी संपत होती. व्हिसा गेला की वसई. तिथून कुठला झरा? म्हणून त्यानं जन्मात पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं. मी तिथंच चहा पीत होतो. फोनवर साहेब हसले. यंदा जावई येतोय म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. चिलटं मात्र लवकर पाठव, सगळ्यांत बारीक.

"डॅड, ही वॉज नेव्हर गोइंग टु टेक यू," त्याचा मुलगा एल्रॉय मोबाइलमधून डोकं वर न काढता बोलला.

"जेवून घे," एडविन म्हणाला.

पुढच्या आठवड्यात गेलो, तर तो भिंगाखाली एकेक चिलट धरून टोकं तोडत होता.

"सरावाची का रे?"

"नाय. साहेबांची."

"अरे, मग मासा अडकणार कसा?"

"वर येईल. तोंड मारील. साहेबांना वाटेल, आलाच. आणि हातात काय नाय." पकड पुन्हा वाजली. "मला माहितीये ना भाऊ, ते कसं वाटतं."

टोक होतं की नव्हतं, हे भिंगाशिवाय कुणाला दिसणार? डबी कुरिअरनं गेली.

सामानाची खोकी बांधून झाली होती तेव्हा साहेबांचा फोन आला. आवाज पार बसलेला. मासे दिवसभर वर येत होते म्हणाले. इतकी सुंदर चिलटं तू कधी बांधली नव्हतीस. पण मी एकूण एक मासा घालवला, तोही जावयासमोर. ओढायची वेळच हाताला कळत नाही. माझे हात संपले, एडविन. आता मी पाण्यावर जाणार नाही. काठी तुला पाठवलीय.

"सांग ना त्यांना," बेटी दबक्या आवाजात म्हणाली. "सांग, एडविन!"

एडविनचे ओठ हलले. "थँक यू, सर," एवढंच बाहेर आलं.

जायच्या आदल्या दिवशी काठी आली, लांबलचक नळीत. त्यानं ती उघडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ती टॅक्सीत मावेना, तर खिडकीची काच खाली करून टोक बाहेर काढलं आणि त्या उकाड्यात दोन्ही हातांनी धरून बसला.

"भाऊ, फादरकडे कन्फेशन दिलं," तो मला म्हणाला. "साहेबांना फोन लावतो, पण 'हॅलो' ऐकलं की कट करतो. तुमच्या कीर्तनाला लोक येतात. त्यांना सांगा."

टॅक्सी गेली. परात माझ्याकडे राहिली.

म्हणून सांगितलं, बाबांनो. उद्या सकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या हॅलम साहेबांची आठवण काढा. त्यांच्या हातांना काहीही झालेलं नाही.