न चढणारं पाणी

अब्दियासनं घरात माळा बांधायला काढला तेव्हा अख्खी गल्ली हसायला जमली. हसणार नाही तर काय करणार? लिमा शहरामागच्या त्या बोडक्या डोंगरघळीत वर्ष वर्ष पाऊस फिरकत नाही, प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येतं, आणि हा म्हातारा छपराखाली फळ्या ठोकतोय, तोही पुरासाठी!

"हसा, हसा," तोंडात खिळे धरून तो म्हणाला. "पाणी आलं की माझ्याच माळ्यावर जागा मागायला याल."

त्याची लेक नेलिदा खालून फळ्या देत होती. तिला यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. बापलेकीचा जन्म गेला जंगलातल्या मोठ्या नदीकाठी. तिथला पूर म्हणजे दरसालचा पाहुणा. दिवसाला बोटभर चढतो, दोन-तीन महिने मुक्काम ठोकतो आणि आला तसा निघून जातो. कुणी घर सोडत नाही. घरातच फळ्या टाकून जमीन उचलतात, कोंबड्या वर घेतात, दाराला होडी बांधतात. पळून जाणाऱ्याला लोक नावं ठेवतात, आणि त्याची भांडीकुंडी चोर नेतात ते वेगळंच. नवरा सोडून गेल्यावर नेलिदा बापाला आणि सात वर्षांच्या लेकीला, सुलेमाला, घेऊन इकडे पोट भरायला आली. गाव सुटलं, पण पुराची रीत काही सुटली नाही.

शेजारची सातुर्नीनाबाई डोंगरातली. तिनं पुष्कळ समजावलं.

"अगं नेलिदा, इथं पाणी चढत नाही. इथं डोंगर खाली येतो. चिखल आणि घराएवढाले दगड. हुआयको म्हणतात त्याला. वरून पहारेकऱ्याची शिट्टी वाजली की हातातलं टाकायचं आणि बाजूच्या चढावर पळत सुटायचं."

"साठ वर्षं पुराशी संसार केलाय मी," वरून अब्दियास म्हणाला. "आता तुम्ही मला पूर शिकवणार?"

"नदीचा पूर वेगळा दादा, घळीचा वेगळा."

"पाणी ते पाणी. त्याला काय जात असते?"

बाईनं कपाळाला हात लावला आणि निघून गेली.

रविवारी वस्तीत पळायचा सराव असायचा. नेलिदा कधी गेली नाही. रविवारीच तिच्या पानात बांधलेल्या भाताच्या पुड्या बाजारात हातोहात खपायच्या. आणि खरं सांगायचं तर, भरलं घर टाकून पळायची कल्पनाच तिला पटत नव्हती. तिचा धाकटा भाऊ लहानपणी पुरात फळीवरून खाली उतरला होता, तो पुन्हा दिसलाच नाही. म्हणून तिनं सुलेमाला समोर बसवून बजावलं, "पाणी आलं की माळ्यावर चढायचं. मी येईपर्यंत उतरायचं नाही. कुणी काहीही सांगू दे, नाही म्हणजे नाही."

पोरीनं शहाण्यासारखी मान डोलावली.

मार्चातल्या त्या दुपारी कडक ऊन होतं. पाऊस पडला तो दूर वर डोंगरात, खाली वस्तीत एक थेंब नाही. नेलिदा बाजारात होती तेव्हा शिट्टी वाजली आणि मागोमाग घरघर ऐकू आली, दगड भरलेले ट्रक एकामागून एक रिकामे करावेत तशी. टोपली टाकून ती पळाली. पण धावतानाही मनात धीर होता. पाणी माळ्यापर्यंत चढायला वेळ लागतो. आपण पोचू. पोरगी वर बसली असेल पाय हलवत.

ती पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं. जिथं घरांची रांग होती तिथं काळा चिखल होता, दगड होते, कुणाच्या तरी छपराचा पत्रा होता. टँकरच्या रांगेत गेला म्हणून वाचलेला अब्दियास चढावर बादली घेऊन उभा होता.

"पाणी उतरलं की जाऊ खाली," तो म्हणाला. "उतरेल आता. थांब जरा."

उतरायला पाणी होतंच कुठं? नेलिदा चिखलात शिरली आणि हातांनी उकरू लागली. आपलं घर नेमकं कुठं होतं तेही तिला कळेना. इथं उकर, तिथं उकर, नखं फुटली तरी उकरतच होती. शेवटी सातुर्नीनाबाईनं तिला मागून मिठीत धरलं.

"शिट्टी ऐकू गेली नसेल गं पोरीला. झोपली असेल."

"मावशी, खरं सांगा."

बाईनं मिठी सैल केली.

"दारातून हाका मारल्या मी," मग ती म्हणाली. "वरून म्हणते, आईनं सांगितलंय, उतरायचं नाही. मी शिडी चढले, दंड धरून ओढलं. तर चावली मला. चावली आणि पार कोपऱ्यात सरकली. तेवढ्यात समोरचं घर गेलं, आणि मी पळाले. पळाले गं मी."

नेलिदानं तिचा हात ओढून घेतला आणि मनगटावरचा चिखल झग्याच्या टोकानं पुसला. दातांचे व्रण होते, बारीक बारीक, अजून लाल. मधे एका पडलेल्या दाताची जागा तेवढी कोरी होती.

तिनं तो हात छातीशी धरला. माणसं फावडी घेऊन आली, बादली टाकून अब्दियास खाली बसला, ऊन कलायला लागलं, तरी तिनं तो हात सोडला नाही. बाईनंही काढून घेतला नाही.