बाकाची डावी बाजू

"काका, आज काय? लिफ्ट की कबुतरं?" सोसायटीचा सेक्रेटरी नीरज मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला.

"कबुतरं नाहीत," म्हणत काशीनाथांनी चौघडी घातलेला कागद टेबलावर ठेवला.

काशीनाथांची जन्माची नोकरी आवक-जावक टेबलावर गेली. परळ सोडून मीरा रोडला आले त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून सोसायटीकडे त्यांचीच पत्रं. गळतीबाबत, पाण्याबाबत, कबुतरांबाबत. "तुमच्या पत्राला माणसं भितात हो," भाकरी थापता थापता त्यांची बायको सुगंधा हसायची. तिच्या मनातलं मात्र ओवी होऊनच बाहेर यायचं :

दारीच्या पाहुण्याला बसाया देते पाट
मनीच्या गुजाची मी कवाची पाहते वाट

आषाढात सुगंधा गेली. रोज सहा ते सात दोघं गेटजवळच्या बाकावर बसत; ती डावीकडे. आता तिथे कोणी टेकत नव्हतं. माणसं लांबूनच "काय काका, बरंय ना?" म्हणत आणि लिफ्टकडे पळत. थांबलं तर काहीतरी तक्रार ऐकावी लागेल!

कोणीतरी यावं, घडीभर बसावं, एवढंच काशीनाथांना लिहायचं होतं. तीन कागद फाडले. पेन टेकलं की आधी 'विषय' उमटायचा, आणि त्याच्याखाली जिव्हाळ्याचं अक्षर काही उतरायचं नाही.

नीरजने कागद उलगडला.

'विषय : गेटजवळील बाकाबाबत.
उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर बाकाची डावी बाजू आषाढापासून रिकामी आहे. सायंकाळी सहा ते सात या वेळेत तेथे कोणीही बसत नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.'

"डावी बाजू ना? टेन्शन नका घेऊ काका, करून टाकतो." त्याने शिक्का मारला आणि कागद तक्रारींच्या फाइलीत लावला.

करतो म्हणाला! काशीनाथ त्या संध्याकाळपासून थर्मासबरोबर दोन कप घेऊन खाली येऊ लागले.

चौथ्या दिवशी वॉचमन खुशीत म्हणाला, "अंकल, आपका बेंच बन गया!"

डावीकडची फळी नवी होती. तेवढीच हिरवीगार रंगवलेली. पाठीला सुतळीने पुठ्ठा टांगला होता : 'रंग ओला आहे. बसू नये.' मागोमाग नीरज रजिस्टर घेऊन आला. "काका, तक्रार निकाली. इथे सही."

काशीनाथांनी दोन्ही कप उजव्या फळीवर ठेवले. रजिस्टर पुढे आलं. त्यांनी सही केली, तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची संपदा ऑफिसातून येताना थांबली. "सुगंधाकाकू इथेच बसायच्या ना?" म्हणत खांद्यावरची पर्स काढून बसायला वळली, तर पुठ्ठा दिसला. "ओह, ओला आहे का? चला काका, परत कधीतरी."

ती गेल्यावर काशीनाथांनी फळीवर बोट टेकवलं. रंग केव्हाच वाळला होता.

त्यांनी पुठ्ठा उलटा केला, पेन काढलं. हात सवयीने 'वि' वळवायला निघाला. त्यांनी तो थोपवला. मग हळूहळू, पाटीवर पहिल्यांदा लिहावं तसे दोनच शब्द लिहिले : 'या, बसा.' खाली सही नाही, तारीख नाही.

पुठ्ठा पुन्हा टांगून ते उजवीकडे बसले. दुसरा कप भरून डाव्या फळीवर ठेवला. खाडीकडून वारा सुटला होता. सुतळीला पुठ्ठा गरगरत होता. घटकेत 'बसू नये', घटकेत 'या, बसा.'