धक्क्याला होडी बांधली आहे

पाचशे बारा कॉल आणि पाचशे बारा हिरव्या खुणा. एकही लाल नाही. हेल्काचं लक्ष मात्र कॉल किती वेळ चालले त्या आकड्यांवर खिळलं.

औलू या उत्तरेकडच्या बंदरगावातल्या या प्रयोगशाळेत नवे फोन पोलादी पेटीत कोंडायचे आणि आत एक नकली मोबाईल नेटवर्क उभं करायचं. बाहेरच्या जगाचा वाराही आत लागत नसे. फोन आपला आपण ११२ हा संकटाचा नंबर लावी, नकली टॉवर तो उचली. मग आवाज नीट जातो का हे जोखायला एक ध्वनिफीत वाजे. तिच्यातला आवाज हेल्काचाच. वसंतात मनाला येईल ते जुळवून तिनं वाचलं होतं: ‘धक्क्याला होडी बांधली आहे. चुलीवर कॉफी उकळते आहे. दार उघडंच आहे, ये.’

नकली टॉवर दहा सेकंदांत कॉल तोडतो. यादीतले अकरा कॉल मात्र पाऊण-पाऊण मिनिट चालले होते.

तिनं त्यातला पहिला ऐकला. तिचा स्वतःचा आवाज, आणि त्यावर दुसऱ्या बाईचा, खरा, श्वासासकट: “मदत केंद्र. काय झालंय? तुमचं नाव काय, बाई?”

हेल्का पेटीकडे धावली. दाराच्या कडेच्या, सिग्नल अडवणाऱ्या तारेच्या जाळीत निळ्या लोकरीचा धागा अडकला होता, तिच्याच हातमोज्याचा. कडी बसली होती, पण केसभर उणी. चाचणीत नकली सिग्नल मुद्दाम मंद केला की फोन चाचपडत बाहेर डोकावे आणि त्या फटीतून शहराचा खरा टॉवर धरी. कॉल लागला की हिरवी खूण कर, एवढंच तिनं यंत्राला शिकवलं होतं. कुणी उचलला, हे बघायला शिकवलंच नव्हतं.

“तार्मो!”

विभागप्रमुख दालचिनीचा पाव खात आला. सगळं ऐकल्यावर घास तोंडातच राहिला.

“आधी चाचणी बंद कर.”

“केली. आता त्यांना फोन लावते.”

“अगं, थांब जरा! तीनला गिऱ्हाईक येतंय. वर कळवू, ते वकिलाला विचारतील, मग रीतसर पत्र पाठवू. तुझी नोकरी अजून कच्ची आहे, बये.”

“हा अकरावा ऐक.”

“बाई, होडी कुठल्या धक्क्याला आहे?” मघाचाच आवाज, आता घाईचा. “सिमकार्ड नाही तुमच्या फोनमध्ये, मला उलट लावता येत नाही. घाबरू नका, आमची बोट समुद्रात निघालीय. थंडी वाजतेय का?”

त्यावर हेल्का निवांत सांगत होती, ‘चुलीवर कॉफी उकळते आहे.’

वीस मिनिटांपूर्वीचा कॉल. खिडकीबाहेर ऑक्टोबरचा वारा बर्चच्या झाडांना जमिनीला टेकवत होता.

तार्मोनं पाव खाली ठेवला. “लाव. माझंही नाव सांग.”

तिनं स्वतःचा फोन काढला. ११२ लावला.

“मदत केंद्र. काय झालंय?”

“मी... त्या होडीचं...”

“बाई! तुम्हीच ना?” पलीकडे खुर्ची करकरली. “कुठे आहात? पाण्यात आहात?”

“नाही हो. पाण्यात कुणीच नाही. ती फीत होती, माझ्या आवाजाची. यंत्र फोन लावत होतं, पेटीचं दार नीट लागलं नव्हतं. बोट परत बोलवा, हात जोडते!”

पलीकडे ती बाई बोटीच्या वायरलेसवर म्हणाली, “परत फिरा. पाण्यात कुणी नाही.”

वायरलेसवर नुसती खरखर.

“परत फिरा, ऐकताय का?”

खरखर. हेल्कानं श्वास धरून ठेवला. तो सोडला तर तिकडचा शब्द निसटेल, असं तिला वाटत होतं. तार्मो खिडकीकडे पाठ करून उभा राहिला.

“...ऐकलं,” एक पुरुषी आवाज तुटत तुटत आला. “नक्की?”

“नक्की. तिघंही आहात ना?”

“आहोत. माशांसारखे भिजलोय. त्या बाईला म्हणावं, कॉफी उतरवू नको, आलोच!”

हेल्काला हसू फुटलं आणि त्यातच रडू.

“ऐकलंत?” ती बाई म्हणाली. “अहवाल लिहावा लागेल मला. सगळा, आहे तसा.”

“लिहा.”

“नाव सांगा.”

सकाळपासून अकरा वेळा विचारून झालेला प्रश्न.

“हेल्का,” ती म्हणाली.